रातकिडा कुठल्या गावचा

मी रातकिड्यांचा अभ्यास करते असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे मारायचं औषध शोधताय का?" नाही हो. पोटासाठी मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कोणता रातकिडा कोणत्या कुळातला, आपल्या जिल्ह्यात तो कुठं राहतो आणि कुठं राहत नाही हे शोधत हिंडणं, हा माझा सुखातला जीव दुःखात घालायचा उद्योग. या उद्योगात यंदा माझी अशी काही फजिती होता होता टळली, की अजून आठवलं तरी मी आधी देवघराकडे बघून हात जोडते आणि मग हसत सुटते.

आमच्या घरात रातकिड्यांचं वर्गीकरण ज्याचं त्याचं स्वतंत्र आहे. सासूबाईंच्या मते जाती दोनच, कापड कुरतडणारे आणि न कुरतडणारे. नवऱ्याच्या मते झोपू देणारे आणि न देणारे. सासऱ्यांच्या मते रातकिडा, नाकतोडा आणि टोळ ही एकाच घरची भावंडं, आणि हे खरंच आहे. फक्त त्या घरात दोन चुली आहेत. नाकतोडा आणि टोळ यांच्या मिशा आखूड, रातकिड्याच्या अंगापेक्षाही लांब. नाकतोडा पाय पंखावर घासून आवाज काढतो, रातकिडा पंखावर पंख घासतो. गातो तो नर. मादी मुकी असते आणि तिच्या मागच्या बाजूला अंडी घालायची सुईसारखी नळी असते. दोघांचेही कान पुढच्या पायांवर असतात. हे वाक्य वर्गात म्हटलं की पोरं दरवर्षी न चुकता हसतात आणि मीही न चुकता चिडते.

पुढं रातकिड्यांतही पोटभेद आहेत. घरात आणि ढेकळांत राहणारे काळे-तपकिरी वेगळे. तुरीच्या पानाआड बसून गाणारे फिक्या हिरव्या रंगाचे, आरपार दिसणाऱ्या पंखांचे वेगळे. जमिनीत बोगदे काढणारे, ज्यांचे पुढचे पाय खोऱ्यासारखे असतात, ते आणखी वेगळे. फार थंड मुलूख सोडले तर रातकिडा जगात जवळपास सगळीकडे आहे, पण म्हणून कुठलाही रातकिडा कुठंही राहत नाही. एकाला काळ्या रानाच्या भेगा लागतात, दुसऱ्याला पाटाची ओल, तिसऱ्याला दगडाखालची सावली. आपल्या पसंतीची जमीन संपली की त्याचा आवाज संपतो. मी जिल्ह्याच्या नकाशावर ठिपके देत बसते ते एवढ्याचसाठी.

त्यातला एक माझ्या खास जवळचा. नराचं तोंड कुणी पोळपाटावर दाबून सपाट केल्यासारखं चपटं असतं. दिसायला अगदी बेंगरूळ. तो किर्र करत नाही, टिचक्या वाजवल्यासारखा तुटक तुटक बोलतो. माझं माहेर ईटचं, भूम तालुक्यातलं. तिकडच्या माळावर, दगडगोट्यांत, त्याचा आवाज मी कळायला लागल्यापासून ऐकलाय. त्याला कुळ आणि जात असते हे मला फार नंतर कळलं. माझ्या नकाशावर त्याचे ठिपके ईटच्या बाजूला दाट आहेत, पुढं विरळ होत जातात आणि मधल्या बेंबळी गावापर्यंत येता येता संपतात. सासर जळकोटचं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं, हायवेवरचं काळ्या रानाचं गाव. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथं कान लावून दमले, पण चपट्या तोंडाचा कधी बोलला नाही. मीही समजून घेतलं, की हे गाव त्याचं नव्हे.

आणि मग वेळ अमावस्या आली. आमच्या बोलीत येळवस. कर्नाटकाच्या कडेचा हा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोपटासारखी कोप करतात, आत पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडतात, पूजा होते आणि मग जेवणाला अंत नसतो. बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, माठातलं आंबील, आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी समजून येणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांचा दरवर्षी मुखभंग होतो, कारण ही असते पालेभाज्या, शेंगा आणि डाळींची मिसळ. दुसऱ्या वाढपाला तेच पाहुणे ताट पुढं करतात.

आमची कोप शिवारात सगळ्यांत उंच असते आणि त्याचा सासऱ्यांना भारी अभिमान. त्यांना मी मामा म्हणते. मी कॉलेजात शिकवते म्हणून तेही मला पहिल्यापासून 'तुमी' म्हणतात. गावात आता ज्वारी फारशी उरलेली नाही. सोयाबीन काढायचं आणि हरभरा टाकायचा, नाहीतर ऊस. पण मामा चारचौघांत ठासून सांगायचे, "म्या हिरीपल्याड एक पट्टा ज्वारी करतोच, येळवशीपुरता कडबा व्हावा म्हणून. इकतच्या कडब्याची कोप म्हंजी उसन्या धोतरावरचा नवरदेव." आम्ही नवरा-बायको तुळजापूरला राहतो. माझं रानात हिंडणं पावसाळ्यातलं, ज्वारी हिवाळ्यातली, आणि येळवशीला आले तरी कोप सोडून विहिरीपल्याड माझं जाणं होत नसे. त्यामुळं तो पट्टा बघायचा योग मला कधी आला नव्हता, आणि कडब्यात बघण्यासारखं असतं तरी काय!

जेवणं झाली. माणसं बाभळीच्या सावलीला लवंडली. हिवाळ्यात रात्री गारठ्यानं रातकिडे गप्प पडतात आणि दुपारी अंगात ऊन मुरलं की बोलू लागतात. मी हात धुऊन येत होते, तेवढ्यात कोपीतून आवाज आला. टिक टिक टिक, थांबून पुन्हा टिक टिक. माझ्या अंगावर काटा आला. मी पदर खोचला आणि सरळ कोपीत शिरले. अर्धी आत, अर्धी बाहेर. मागं बायकांचा हशा ऐकू येत होता. "आगं, सूनबाई पांडवांच्या पाया पडायल्यात का पांडव चोरायल्यात?" मला कशाचं भान नव्हतं. आंबिलाचा रिकामा पेला पालथा घालून मी त्याला धरला आणि उजेडात आणला. तेच तोंड! चपटं, बेंगरूळ, माझ्या ईटच्या माळावरचं. मी एवढ्या जोरात ओरडले की एक म्हातारबाबा साप समजून काठी घेऊन उठले.

"मामा, हा इथं आजवर नव्हता! आपल्या रानात सापडला!"

मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "आपल्याच रानातला म्हणायचा का पण त्यो?" ते म्हणाले.

"मग काय कुणी बोलावून आणलाय?"

ते पुढं काही बोलणार होते, एवढ्यात चुलत दीर मामांकडे बघून ओरडले, "तात्या, तुमचं रान जगाच्या नकाशावर गेलं बगा!" झालं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मामांनी नुसती टोपी सारखी केली. मला तो विनय वाटला. चार दिवसांत ही खबर हायवेवरच्या हॉटेलात पोचली आणि तिथं त्यांना लोक बोलावून चहा पाजू लागले.

मी तर हवेतच होते. रातकिड्यांवर एका शास्त्रीय मासिकासाठी लेख लिहून तयारच होता. त्यात मी जळकोटचा ठिपका घातला आणि त्या एका ठिपक्याभोवती असा काही सिद्धांत उभा केला की विचारू नका. ओढ्याच्या काठाकाठानं आला असेल, हायवेच्या भरावातल्या दगडांत त्याला घर मिळालं असेल, पाऊसमान बदललं असेल. हत्तीचं शेपूट हाती लागलं की आख्खा हत्ती रंगवायला आम्हाला वेळ लागत नाही. लेख स्वीकारला गेला. पण संपादकांनी एक साधी विचारणा केली, की एक नर म्हणजे वस्ती नव्हे. मादी दिसली का, पिल्लं दिसली का, पुन्हा कधी ऐकलात का? शिवरात्रीच्या सुमारास मजकूर छापायला जाईल, त्याआधी खात्री करून कळवा.

इथं मला थोडं समजावून सांगावं लागेल, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं, एका किड्याचा ठिपका चुकला तर काय आभाळ कोसळणार! माझ्यापुरतं कोसळलं असतं. या कामात माणसाचा भरवसा हीच सगळी पुंजी. मी म्हणते इथं ऐकला, म्हणून लोक मानतात की इथं आहे. एक ठिकाण खोटं निघालं की वाचणारा म्हणतो, मग बाकीची तरी खरी कशावरून? एवढी वर्षं गुडघे झिजवून दिलेले ठिपके एका झटक्यात संशयाच्या पंगतीला बसले असते.

म्हणून मी शोधायला लागले. कॉलेज सुटलं की बस धरून जळकोट, सुट्टी असली की सकाळपासून. बांधाचे दगड उलटले, पाटाच्या कडा धुंडाळल्या, हरभऱ्याच्या ओळींतून गुडघ्यांवर रांगले. घरचे काळे रातकिडे पैशाला पासरी मिळाले. चपट्या तोंडाचा एकही नाही, ना आवाज ना मादी. विहिरीपल्याडच्या पट्ट्यातही हरभराच दिसला. यंदा फेरपालट केला असेल, असं म्हणून मी पुढं गेले. एवढं नाकासमोर असून दिसलं नाही, तेव्हा नाक माझंही थोडं चपटंच म्हणायचं.

मामा बांधावर येऊन उभे राहत. आधी नुसते बघत, मग हळूहळू दगड उलटू लागले. जड दगड मला उचलू देत नसत. शेवटी एका दुपारी म्हणाले, "ऊन लागंल तुमाला. एवढं हुडकायलाव, आन् न्हाय गावला तर?"

मी वैतागले होते, सगळं ओकून मोकळी झाले. म्हटलं, "नाही सापडला तर दोनच वाटा, मामा. आहे म्हणून रेटून सांगायचं, नाहीतर मला काही कळत नाही असं कबूल करायचं. आणि रेटून सांगितल्यावर खोटं निघालं, तर माझे बाकीचे ठिपकेही कुणी खरे मानणार नाही."

मामांनी हातातला दगड होता तसा खाली ठेवला. त्या संध्याकाळी ते ताटावरून अर्धवट उठले. सासूबाई म्हणाल्या, "पित्त झालंय," आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की पित्तावर माझा विश्वास बसेना.

खरं सांगायचं तर माझं मन तोवर रेटून सांगण्याकडे झुकायला लागलं होतं. मी स्वतःच्या हातानं धरला होता ना? पेल्यात होता ना? मग खोटं कुठं बोलतेय मी! उद्या एकदा शेवटचं बघायचं आणि 'खात्री केली' असं कळवून टाकायचं, असं ठरवून मी त्या रात्री जळकोटलाच मुक्काम केला.

सकाळी दव सुकायच्या आत मी बांधावर होते. मामा मागून आले आणि ढेकळांतच बसले.

"पोरी, ऊठ," ते म्हणाले. "नको हुडकू."

त्यांनी मला पोरी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. "थोडंच राहिलंय, मामा."

"हितं न्हाय त्यो. कधीच नव्हता. कडबा इकतचा व्हता."

मला आधी कळलंच नाही. मी हातात दगड धरून तशीच बसले.

"ज्वारी बंद करून सालं झाली. पाखरं राखायला माणूस न्हाय, काढायला न्हाय. कोप तर पायजेच. तुळजापूरच्या बाजारात एक टेम्पोवाला कडबा घिऊन येतो. त्याच्याकडनं घेतो, आन् अंधार पडला की रानात आणून टाकतो. कुणाला काय सांगायचं? उसन्या धोतराचं बोलल्यालो म्याच."

"कुठला टेम्पोवाला, मामा?"

ते हरभऱ्याकडे बघत राहिले. "भूमकडला. ईटच्या अंगाचा. तुझ्याच म्हायेरचा किडा हाय त्यो, पोरी. म्या आणला पेंढीत बांधून."

मला राग यायला हवा होता. इतक्या सुट्ट्या, इतका उन्हाचा ताप, सोलून निघालेले गुडघे. पण आला नाही. आधी छातीतून मोठा श्वास सुटला आणि मग मला रडू फुटलं आणि रडता रडता हसू. सुटले! आणखी एक दिवस मामा गप्प राहिले असते तर मी 'खात्री केली' असं लिहून पाठवलं असतं आणि ते माझ्या नावानं कायमचं छापलं गेलं असतं. खाईच्या अगदी काठावरून कुणीतरी दंडाला धरून मागं ओढावं तसं मला झालं. आणि दुसरंही लख्ख कळलं. कोपीतला तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला होता, त्याला मी शोध म्हणत होते. शोध कसला! बाजारात अचानक माहेरचं माणूस भेटल्यावर होतो तो आनंद होता. शहाण्या बाईनं त्याला सिद्धांत चिकटवला होता, एवढंच.

मामा मात्र हसत नव्हते. "त्याच दिशी सांगणार व्हतो. पण समद्यांनी टाळ्या वाजीवल्या. मग हाटेलात च्या पाजायले. दर कपासंगं सांगणं आवघड झालं. काल तू बाकीच्या ठिपक्यांचं बोललीस, तवापसून घास खाली उतरंना. माझ्या एका पेंढीपायी तुझं समदं खोटं पडायचं म्हंजी काय!"

मी त्यांचा हात धरला. सासऱ्याचा हात धरायची आमच्याकडे रीत नाही, पण धरला. त्यांनीही काढून घेतला नाही.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मला पयल्या सालापसून म्हायती हाय. एवढी आवळून पेंढी हिकडं कोण बांधतंय? पण ह्यांचा तोरा बगून म्या म्हणलं, ऱ्हाऊ द्या." मामांनी बायकोकडे असं बघितलं, जणू एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्यांना आज नव्यानं दिसत होती.

दुपारी मामा कुणाला न सांगता हॉटेलवर गेले. मी घाबरले, म्हटलं लोक थट्टा करतील, म्हातारपणी मान खाली जाईल. तासाभरानं परत आले ते गोंधळलेला चेहरा घेऊन.

"काय म्हणाले लोक?"

"काय म्हणत्यात! म्या सांगितलं, माझा कडबा इकतचा व्हता. हासले जरा. मग पल्याडच्या शिवारातला म्हातारा म्हणतो, माझा बी इकतचाच हाय. मग दुसरा म्हणतो, माझा बी. एकानं तर माझ्याच टेम्पोवाल्याकडनं घेतल्याला. लेकाचे समदेच अंधारात पेंढ्या टाकायचे, आन् सकाळच्याला एकामेकाच्या कोपीचं कवतिक करायचे." एवढं बोलून ते स्वतःच हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि त्याही हसायला लागल्या.

संध्याकाळी मी संपादकांना कळवलं, की जळकोटचा नर बाहेरून आणलेल्या कडब्यातून आला होता, तिथं त्याची वस्ती नाही, ते ठिकाण वगळावं. हायवेच्या भरावाचा माझा सगळा सिद्धांत कापून टाकला. लेख निम्म्यानं आखूड झाला, आणि दुपटीनं बरा. मग नकाशा दुरुस्त करायला संगणक उघडला, तेव्हा मामा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

"आपलं गाव कुठाय ह्यात?"

मी जळकोटजवळचा एकुलता ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली करून तो नीट बघितला. सगळ्या गावानं ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, तो तिळाएवढा होता.

"माझ्यासमोर काढा," ते म्हणाले. मी पुन्हा 'तुमी' झाले होते.

मी काढला. ती जागा आजूबाजूच्या जागेसारखीच पांढरी झाली. मामा तिथं बघत राहिले आणि मग त्यांचं बोट सावकाश ईटच्या बाजूला गेलं. एकेका ठिपक्यावर थांबून ते गावाचं नाव विचारत होते, मी सांगत होते.

"हे ऱ्हायल्याले समदे खरे ना?"

"खरे, मामा. प्रत्येक ठिकाणी नर ऐकलाय, मादीही बघितलीय."

"मग झालं," ते म्हणाले. "आता तुमाला कुणी नावं ठिवणार न्हाय."